तीन अक्षरांचं परराष्ट्र धोरण

मित्रांनो, दोन देशांचं भवितव्य पंधरा वर्षं माझ्या हातात होतं. मला हात नाहीत, ती गोष्ट वेगळी. मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ आणि तळाला उलटी कोरलेली तीन अक्षरं : अमान्य.

परराष्ट्र खात्यात माझी नेमणूक झाली, तेव्हा नदीवरचा पूल नुकताच बंद झाला होता. आपली प्रार्थना उभ्याने म्हणायची असते. पलीकडचे लोक तीच बसून म्हणतात. एवढ्यावरून धर्मपीठाने संबंध तोडायला सांगितलं आणि सरकारने तोडले. तसं पीठ राजकारणात पडत नसे. फक्त पूल ओलांडण्याचा प्रत्येक अर्ज आधी त्यांच्याकडे जाई आणि ‘प्रतिकूल’ अशी चिठ्ठी लावून परत येई. मग हेडक्लार्क मला उचलत. “काय ठसठशीत उठतो!” असं सगळे म्हणत. मी फुशारून जाई.

खात्यातल्या टायपिस्ट बाईंची थोरली बहीण पलीकडे होती. बाई दर वर्षी स्वतःच अर्ज टाईप करीत, आणि दर वर्षी मी त्यांच्या नावावर धपकन बसे. असे चौदा अर्ज झाले. खणात पडल्या पडल्या मला अर्जांवरची नावं ऐकू येऊ लागली. शाई वाळायची, नावं वाळत नसत.

पंधराव्या वर्षी बाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, ताईनं अंथरूण धरलंय हो. एकदा तोंड बघू द्या.”

“बाई, माझ्या हातात काय आहे?” हेडक्लार्क म्हणाले. हातात मी होतो.

त्यांनी मला दाबलं. कागदावर उमटलं : मान्य. माझा अ झिजून गेला होता. तो हाताने लिहायला त्यांनी पेन उघडलं, तोच पीठाच्या सचिवांचा फोन आला.

“त्या बाईंच्या अर्जाचं काय केलंत?”

“शिक्का मारला.”

“शाबास.”

हेडक्लार्कांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद बाईंना दिला. “पळा.”

आठवड्याने पुलावरच्या शिपायाबरोबर चिठ्ठी आली : ‘पोचले. ताई आदल्या दिवशी गेली.’ हेडक्लार्कांनी ती खणात ठेवली आणि वर मला आडवं केलं. टेबलावर आता नवा शिक्का आहे. तो धपकन पडला की खाली मला आणखी एक नाव ऐकू येतं.

मित्रांनो, कुठल्याही कागदावर शिक्का मारण्याआधी त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचा. आणि कधी मला पुसायला घेतलंत, तर अ होता तिथे जरा जपून. अक्षर गेलं, पण गुदगुल्या अजून होतात.