मखमलीची उलटी बाही

गाणाऱ्या बाई मखमली कोटाच्या ट्रायलला आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "मास्तर, ही एक बाही काळपट का दिसतेय? परवा स्टेजवर जायचंय मला."

मखमलीला लव असते. एका बाजूनं हात फिरवला तर मऊ, दुसऱ्या बाजूनं खरखरीत. लव उलटी ठेवून कापलं, की तेच कापड वेगळ्या रंगाचं दिसतं. दुकानात कापायचे मास्तर आणि शिवायची सून. अलीकडे मास्तरांना नीट दिसत नव्हतं. पण कबूल कोण करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची! बाई काळपट म्हणताच त्यांना आपली चूक कळली आणि तोंडातून निघून गेलं, "सूनबाईनं बाही उलटी लावली वाटतं."

आता बाही म्हणजे काय उशीचा अभ्रा आहे, उलटी लावायला? खांद्याकडे रुंद, मनगटाकडे अरुंद. शिवणाऱ्याला ती फिरवताच येत नाही. हे बाईंना ठाऊक नव्हतं. सुनेला होतं. तिनं मशीनवरून मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं आणि परक्या माणसासमोर मूग गिळून गप्प बसली.

"तू आता हात लावू नकोस," बाई तिला म्हणाल्या. "मास्तर, तुम्हीच बघा. उद्या येते मी."

मास्तरांचा मुलगा दारातच उभा होता. बायकोनं दुकानात बसणं त्याला पहिल्यापासून खुपायचं. आयतं कोलीत मिळालं. "मी म्हणत नव्हतो? दुकानाचं नाव घालवलंस. बस आता घरी."

"अरे, होते चूक माणसाच्या हातून," मास्तर पुटपुटले. कोणाच्या हातून, ते मात्र गिळलं. सून मशीनवर कापड झाकू लागली. या मशीनवर बसली की ती गुणगुणायची. घरी तिला गुणगुणताना कोणी ऐकलं नव्हतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको तिचं सामान न्यायला आली. ती पिशवीत कैच्या-सुया भरत असतानाच बाई आल्या.

"झाली का बाही?"

"नाही," मास्तर म्हणाले. "बाई, ती बाही मीच उलटी कापली. मला हल्ली दिसत नाही. हिचा काहीच दोष नव्हता."

"मग काल का नाही बोललात?"

"लाज वाटली. म्हणून हिचा बळी दिला."

मुलानं बायकोच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. मास्तर सुनेकडे वळले. "सूनबाई, उरलेल्या कापडातून बाही निघेल. तू कापशील?"

"कापते," ती म्हणाली. "पण बाबा, काल मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. आत्ता बोलतील, आत्ता बोलतील म्हणून. घरी जाईपर्यंत वाट बघितली."

मास्तरांनी माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आता जरा बाजूला व्हा. कापताना कोणी डोक्यावर उभं राहिलं की मला सुचत नाही."

कापायच्या टेबलापाशी ती उभी राहिली. मास्तर गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसले. तिथून त्यांना कोणी परत बोलावलं नाही.