पाठीनं ऐकलेली बाजू

१९७४ साल, फेब्रुवारीचा शेवट, जपानमधलं सासेबो बंदर. थंडी अजून हटली नव्हती. मी ट्रम्पेटच्या जॅझची तबकडी. त्या संध्याकाळचं सांगते.

एका परदेशी खलाशानं मला कुरामोचींच्या कॉफीच्या दुकानात विकलं; दुकानाचे मालक म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्यातला ट्रम्पेट हळू बोलतो. दिवसभर राबलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

दुकानाचा नियम कडक. बोलायचं नाही. हवी ती तबकडी बोटानं दाखवायची. मास्तर तिची एक बाजू लावणार, आवाज ते ठेवतील तेवढाच. कुजबुजणाऱ्याला अर्ध्या कॉफीवरून उठवत.

इसोबे गोदीत लोखंडी पत्र्यांवर हातोडा चालवायचे. रोज मलाच मागायचे. शेजारच्या खानावळीला आग लागली, तेव्हा ओलं पोतं पांघरून आम्हा सगळ्या तबकड्यांना त्यांनीच बाहेर काढलं. मास्तर त्यांना कॉफी फुकट देऊ लागले.

"भीक नको. तबकडी लावा," इसोबे दारातच म्हणाले.

मास्तरांना ते न फिटलेलं देणं सलत राहिलं.

त्या संध्याकाळी माझ्यावर सुई अडकली. एकच सूर पुन्हा पुन्हा. सगळ्यांनी माना वर केल्या. इसोबे मात्र डोळे मिटून डोलत होते. मास्तरांनी सुई उचलली. दुकान शांत झालं. इसोबे डोलतच होते.

हातोड्याच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. जिथं कुणी बोलतच नाही, तिथं ते कळणार कसं?

मास्तरांनी त्यांच्या खांद्याला हात लावला. "कधीपासून?"

इसोबेंनी ओठ वाचले. "नव्या वर्षापासून. हाकलू नका, मास्तर. घरी बायको बोलते आणि मला नुसतं तोंड हलताना दिसतं. इथं तरी सगळेच गप्प असतात."

मास्तरांनी इसोबेंची खुर्ची ओढली आणि त्यांची पाठ स्पीकरच्या लाकडाला टेकवली. माझ्यावरची धूळ पुसून मला पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग आवाजाचं जे बटण त्यांनी कधी कुणासाठी फिरवलं नव्हतं, ते फिरवत नेलं.

"मास्तर, खिडक्या हलतायत," कोपऱ्यातून हागिवारा शिंपी ओरडला.

"मग धरून बस."

इसोबे एकदम ताठ झाले. लाकडातून माझा ट्रम्पेट त्यांच्या पाठीत उतरत होता. थोड्या वेळानं त्यांचं बोट गुडघ्यावर पडू लागलं, बरोबर ठेक्यावर.

बाजू संपेपर्यंत मास्तर उभे राहिले. आगीचं देणं फिटलं.