कडक घडी

मतमोजणीच्या टेबलावर पहिली पेटी उपडी केली, तेव्हा घडीबाई गालातल्या गालात हसली. कागदांच्या त्या ढिगाऱ्यात आपली माणसं तिला लांबूनच ओळखू आली. बाकीच्यांनी मतपत्रिका मनाला येईल तशा कोंबल्या होत्या. कुणी बोळा केला होता, कुणी तिरकं दुमडलं होतं, एका बहाद्दराने तर औषधाच्या पुडीसारखी पुडी बांधली होती. आणि त्या गबाळ्या पसाऱ्यातून मधूनमधून डोकावत होत्या त्या देखण्या, कोपऱ्याला कोपरा जुळलेल्या, कडक घड्या. लाँड्रीतल्या बायकांच्या. तिने शिकवलेल्या.

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्यांचं टेबल तिच्या ताब्यात होतं, म्हणून ती घडीबाई. तिचं खरं नाव सांगायला तिच्या नवऱ्यालाही क्षणभर डोकं खाजवावं लागे. घडीच्या बाबतीत तिने देवाचंही ऐकलं नसतं. एखादीने चादरीचं टोक बोटभर मागेपुढे सोडलं, की ती चादर उलगडून त्याच बाईच्या हातात परत यायची, वर दोन शब्द फुकट. जिभेला तिच्या हाड नव्हतं. तरी बायका तिच्यावर जीव टाकायच्या, कारण साहेबासमोरही ती जीभ तशीच चालायची.

आज ती मोजणीच्या टेबलाभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडे खुर्चीवर बसली होती ती धाकट्या जावेची प्रतिनिधी म्हणून. जाऊ त्याच लाँड्रीत इस्त्रीला होती आणि वॉर्डातून नगरपालिकेला उभी होती. कारण सरळ होतं. सध्याचा नगरसेवक, ज्याला सगळे ठेकेदार म्हणत, त्याने इस्पितळाचे कपडे स्वतःच्या कारखान्यात धुवायला न्यायचं घाटलं होतं. तो परत निवडून आला की लाँड्रीला कुलूप आणि बायका घरी, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"ताई, चारचौघांत माझं तोंड उघडत नाही," अर्ज भरायच्या आधी जाऊ म्हणाली होती. "तुम्हीच उभ्या राहा की."

"मी उभी राहिले तर पहिल्याच सभेत निम्म्या वॉर्डाशी भांडेन. तू सगळ्यांची लाडकी आहेस. तू नुसती उभी राहा, बोलायचं माझ्याकडे लागलं."

जाऊ उभी राहिली. मोठ्या जावेचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

निवडणुकीच्या आधी एकदा जेवणाच्या सुट्टीत निवडणूक कचेरीतला कारकून लाँड्रीत आला होता, मत कसं द्यायचं ते शिकवायला. त्याने नमुन्याची मतपत्रिका भिंतीला लावली. लांबट कागद, एकाखाली एक चार उमेदवार, प्रत्येकाच्या नावापुढे चिन्ह आणि चिन्हापुढे रिकामी चौकट. सगळ्यांत वर जाऊ, तिची छत्री. सगळ्यांत खाली ठेकेदार, त्याची शिडी. आडोशाला जायचं, गोल शिक्का शाईच्या पॅडवर टेकवायचा, एकाच चौकटीत मारायचा, कागद आधी उभा दुमडायचा, मग आडवा, आणि पेटीत टाकायचा.

"आधी उभा?" घडीबाईने घास खाली ठेवला. "एवढं लांब कापड आधी उभं कोण दुमडतं? घरी कधी चादरीला हात लावलाय का, भाऊ? आधी आडवी घडी. मधोमध, टोकाला टोक. मग पुढचं."

बायका खिदळल्या. कारकून म्हणाला, "अहो बाई, कचेरीनं तसं सांगितलंय," पण का सांगितलंय ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने हात जोडले. "कशीही घाला. शिक्का बाहेरून दिसला नाही म्हणजे झालं."

मग काय, घडीबाईला रान मोकळं. रोज सुट्टीत रद्दीच्या कागदांवर तालीम सुरू झाली. शिक्का म्हणून बाटलीचं बूच, तेही कोरडंच. वरच्या चौकटीत बूच टेकवा, कागद मधोमध दुमडा, नखाने मोड घाला, वरून तळव्याने दाबा. दाबण्यावर तिचा फार कटाक्ष. "मत आहे, वाणसामानाची पुडी नाही," ती म्हणायची. "पेटीतून निघालं की कळलं पाहिजे, कुणीतरी मन लावून दिलंय."

सगळ्यांत मन लावून शिकली ती हौदावरची मावशी. तिने जन्मात मत दिलं नव्हतं. नवरा होता तोवर तो म्हणायचा, घरातल्या एकाने दिलं की पुरे. तो गेल्यावर ती म्हणायची, मला मेलीला काय कळतंय. पण या खेपेला ती हट्टाने पेटली. तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर आखडलेलं, त्यामुळे मोडेपाशी तिच्या घडीचा एक कोपरा किंचित चुरगळायचा. घडीबाईने दोनदा रागावून पाहिलं, मग नाद सोडला. मतदानाच्या दिवशी रांगेत मावशी सर्वांत पुढे. मत दिल्याची शाई लागलेलं बोट तिने दिवसभर पाण्यात घातलं नाही, आणि हौदावरच्या बाईने पाण्यात बोट घालायचं नाही म्हणजे किती मिनतवारी, ते तिचं तिलाच माहीत.

तर आता मोजणारी बाई एकेक कागद उलगडून चिन्हांच्या खोक्यांत टाकत होती. छत्री, शिडी, शिडी, छत्री. मग तिने पहिली कडक घडी उचलली. घडीबाई खुर्चीच्या कडेवर सरकली.

मोजणारीने कागद उलगडला, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि निवडणूक अधिकाऱ्याला हाक मारली.

कागदावर दोन ठसे होते. एक छत्रीपुढे, एक शिडीपुढे. दोन्ही गोल.

कुणी वेंधळीने दोनदा मारला असेल, असं घडीबाई मनाशी म्हणाली. कोण असेल तिला उद्या बघून घेऊ, असंही म्हणाली. तेवढ्यात दुसरी कडक घडी उलगडली. छत्रीपुढे एक, शिडीपुढे एक. मग तिसरी. मग आणखी एक. शेजारी बसलेला ठेकेदाराचा मेहुणा, त्याच्या बाजूचा प्रतिनिधी, काहीतरी विचारत होता ते तिला ऐकूच येईना.

तिला सगळं एकदम दिसलं. कागद मधोमध दुमडला की पहिली चौकट नेमकी चौथीवर बसते. टोकाला टोक, कोपऱ्याला कोपरा, तसूभरही फरक नाही. आत ओली शाई. आणि वरून तळव्याने दाबायचं. गोल ठसा, तो उलटा काय नि सुलटा काय, सारखाच. कागद उभा दुमडला असता तर ठसा जावेच्याच नावावर उमटून गप्प बसला असता. गबाळ्यांची मतं धडधाकट निघत होती. ज्याने पुडी बांधली होती त्याचंसुद्धा मत निघालं, आणि ते शिडीला होतं.

आता प्रत्येक देखणी घडी ढिगातून वर आली की ती कुणाची हे तिला आपोआप कळायचं. ही कपडे वाळवणाऱ्या जोडगोळीतल्या थोरलीची. ही टाके घालणाऱ्या म्हातारीची. ही तर तिची स्वतःची. एरवी जी घडी पाहून छाती फुगायची, ती पाहून आज ती मनातल्या मनात म्हणत होती, नको, ही तरी आपली नको. पण घडी कुणाची हे ओळखण्यात ती आयुष्यात चुकली नव्हती, आणि आजही चुकली नाही.

शेवटची पेटी संपली. ठेकेदार नऊ मतांनी पुढे होता. आणि दोन ठशांच्या कागदांचा गठ्ठा वेगळा ठेवला होता, त्यात चाळीसच्या वर मतं होती. सगळी एकाच जोडीची, छत्री आणि शिडी.

निवडणूक अधिकारी पिकल्या केसांचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना टेबलाशी बोलावलं. एक कागद दिव्यासमोर धरला, दुमडून पाहिला, उलगडून पाहिला.

"खालचा ठसा घडीमुळे उमटलेला दिसतो," तो म्हणाला. "वरचा जरा जास्त भरलेला आहे. सगळे कागद एकसारखे आहेत. माझं मत विचाराल तर ही मतं छत्रीची धरायला हरकत नसावी."

"हरकत आहे," मेहुणा म्हणाला. "उलटंही असू शकतं. खालचा खरा, वरचा उमटलेला. कशावरून नाही?"

अधिकारी पुन्हा कागदाकडे वळला. तो अजून बघतच होता. त्या वेळी कुणी घडीबाईच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण बोलायचं काम तिने स्वतःकडे घेतलेलं.

"कशावरून म्हणजे?" ती म्हणाली. "ह्या घड्या मी शिकवल्यात. आमच्या लाँड्रीच्या आहेत सगळ्या, मी आंधळी झाले तरी हातानं ओळखीन. हा बघा, ह्याचा कोपरा चुरगळलाय ना, ही आमच्या हौदावरच्या मावशीची. अंगठा आखडलाय तिचा. ती शिडीला मत देईल? विचारा तिला, बाहेरच उभी आहे. ही वाळवणावरच्या थोरलीची, तिचं नख मोठं आहे. ही माझी. एकेकीचं नाव सांगते, लिहून घ्या."

मोजणारी बाई मान खाली घालून हातातला कागद उगाच सरळ करत राहिली. मेहुण्याच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजाडत गेलं.

"साहेब," तो अगदी हळू म्हणाला, "मत कुणाचं हे ओळखू येईल अशी खूण कागदावर असली, तर काय करायचं असतं?"

अधिकाऱ्याने चष्मा काढला. "बाई, तुम्ही हे बोलायला नको होतं."

"खरं आहे ते बोलले."

"खरंच आहे, तेच तर. मत गुप्त असतं. मतदार ओळखू येईल अशी कुठलीही खूण असली, तर ते मत बाद करावं लागतं. दोन ठशांचं मी बघून घेतलं असतं. पण तुम्ही सर्वांसमक्ष एकेकीची घडी ओळखून दाखवलीत. आता माझे हात बांधले गेले."

घडीबाईने गठ्ठ्याकडे हात नेला, मोजणारीने तो गठ्ठा हलकेच मागे ओढला. अधिकाऱ्याने वरच्या कागदावर 'बाद' लिहिलं, मग त्याखालच्या, मग त्याखालच्या. लिहिताना तो घाई करत नव्हता. चुरगळल्या कोपऱ्याचा कागद आला तेव्हा त्याचा हात जरासा थबकला, पण थांबला नाही.

ती बाहेर आली तेव्हा इमारतीच्या पायऱ्यांवर सगळी लाँड्री उभी होती. कामाचे कपडे तसेच, हातांना साबणाचा वास तसाच. पलीकडे ठेकेदाराची माणसं आधीच एकमेकांच्या पाठी थोपटत होती. जावेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नऊ मतांनी," घडीबाई म्हणाली.

"नऊ म्हणजे काहीच नाही हो, ताई," जाऊ म्हणाली. ती हसायचा प्रयत्न करत होती. "आपल्या कुणी नऊ जणी घरी बसल्या असतील. जाऊ दे. तुम्ही एवढं शिकवलंत, तुमचा काय दोष?"

"कुणी घरी बसली नाही. सगळ्या आल्या होत्या. सगळ्यांची मतं बाद झाली. माझ्या घडीने ठसा खाली उमटला, आणि ते साहेब सोडून देत होते तर माझ्या तोंडाने घात केला." तिने तिथेच, सगळ्यांसमोर, काही न लपवता सांगितलं. मेहुणा काय म्हणाला, ती काय म्हणाली, कुणाकुणाची नावं घेतली.

कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. वाळवणावरची थोरली आपल्या लांब नखाकडे बघत राहिली. जाऊ पायरीवर खाली बसली. आपण हरलो हे तिला तेव्हाच कुठे खरं वाटलं.

मग मावशी पुढे आली. शाईचं बोट अजून तिने बाकीच्या बोटांपासून वेगळं धरलं होतं.

"माझी घडी ओळखलीस तू?" तिने विचारलं.

"ओळखली, मावशी."

"एवढ्या ढिगातून?"

"हो."

मावशीचा चेहरा क्षणभर फुलला. घडीबाईला ते बघवेना. तिला वाटलं, म्हातारीला समजलंच नाही.

पण तिला समजलं होतं. तिने बोट पदराखाली घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मग पोरी, आत जा आणि त्या साहेबांना सांग. मोजलं नाही ना त्यांनी, तर माझं मला परत द्या म्हणावं. मी पुन्हा देते. गबाळं देते या वेळी."

घडीबाईने तिचा तो आखडलेला अंगठा दोन्ही हातांत धरला. आत जाऊन काही उपयोग नव्हता, हे मावशीला सांगायचं बाकी होतं, आणि बोलायचं काम तिच्याकडेच होतं.