लॅमिनेट केलेला घटस्फोट

आमच्या बाबांनी माझा घटस्फोट लॅमिनेट केला. एक नाही, दोन्ही प्रती. एक माझी, एक तिची. वकिलाकडून दोन्ही तेच घेऊन आले होते, कारण त्या आठवड्यात मी पलंगावरून उठणं तात्पुरतं बंद ठेवलं होतं.

यात त्यांचा दोष नाही. आमचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे आणि आमच्या घरात कागद आला की त्याला ताप चढतो. माझा जन्मदाखला, पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, मिक्सरचं गॅरंटी कार्ड. मिक्सर कधीच जळाला, कार्ड ठणठणीत आहे. आई गेल्यावर तिने गॅसजवळ लावलेली ‘दूध उतू जाईल, इकडे बघा’ ही चिठ्ठीही बाबांनी लॅमिनेट केली. दूध अजून उतू जातं, पण आता चिठ्ठी पुसून घेता येते.

तर, सोमवारी माझी बायको लग्न करणार होती. पूर्वीची बायको. हा ‘पूर्वीची’ शब्द बोलताना माझ्याकडून राहून जातो आणि समोरचा माणूस दचकतो.

लग्नासाठी तिला घटस्फोटाचा निकाल दाखवायचा होता. बाबांनी तिची प्रत तिला पोचवली होती आणि तिने ती न बघता कपाटात टाकली होती. आता विवाह नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी ती हातात घेऊन पंख्यासारखी हलवली. प्लास्टिकवर आम्ही शेरा मारत नाही, म्हणाल्या. आणि खटल्याचा नंबर कुठे आहे? नंबराच्या जागी छोटा काळा चौकोन होता. कोर्टाने तिथे स्टिकर लावलं होतं, दुकानातल्या बिलाच्या कागदाचं. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने अक्षरं उमटतात. तो लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला की अख्खा कागदच एक अक्षर होऊन जातो.

तिचा फोन आला.

“तुझ्या बाबांनी माझं लग्न भाजलं.”

“कुठलं?” मी विचारलं.

मग ती म्हणाली, “शुक्रवारी सकाळी कोर्टात ये. निकालाची नवी नक्कल काढायची आहे. मला नंबर माहीत नाही, तारखा तुझ्या डोक्यात असतात. सोमवार हुकला तर पुढची वेळ तीन महिन्यांनी, आणि त्याला महिनाअखेर परगावी कामावर हजर व्हायचंय. मला त्याच्याबरोबर जायचंय. कळलं? आणि विनोद घरी ठेवून ये.”

मी म्हटलं, घरी ठेवले तर बाबा लॅमिनेट करतील. तोवर तिने फोन ठेवला होता.

शुक्रवारी निघताना बाबांनी गल्ल्याखालचा खण उघडला आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं.

“सूनबाईला...” ते थांबले. “म्हणजे, त्यांना. विचार, हवंय का.”

पाकिटात काय आहे ते मला न उघडता कळलं. खिशात ठेवताना त्याचं टोक बरगडीला टोचलं. लॅमिनेशनची टोकं गोल कापायची असतात. बाबा कधीच विसरत नाहीत. हे एकच राहून गेलं होतं.

कोर्टाची रेकॉर्ड रूम तळघरात. खिडकी इतकी खाली की अर्ज देणारा माणूस आपोआप वाकतो. वरच्या मजल्यावर जे कबूल करत नाहीत ते इथे आल्यावर कबूल करत असावेत. ती आधीच रांगेत होती. ती कवळ्या बनवते, त्यामुळे नखांत कायम थोडं गुलाबी मेण. आजही होतं. तिला सोडायला तो आला होता. मी त्याला हेल्मेटवाला म्हणतो, कारण तो हेल्मेट कुठेच ठेवत नाही, बाळासारखं कडेवर घेऊन हिंडतो. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, त्यासाठी हेल्मेट काखेत दाबलं, आणि म्हणाला, “तुम्ही आलात, फार बरं वाटलं.” खरंच वाटलं असावं. या माणसाचा नीट रागसुद्धा करता येत नाही, घसरतो. मग तो स्कूटरपाशी जाऊन थांबला.

खिडकीतल्या क्लार्कने दोघांकडे पाहिलं. “पक्षकार कोण?”

“दोघंही,” ती म्हणाली.

“आणि एकत्र आलात?” त्याने चष्मा वर केला. “इथे एकत्र आलेलं जोडपं मी पहिल्यांदाच बघतोय. चुकून खालच्या मजल्यावर आलात का? समुपदेशन वर आहे.”

“नक्कल हवीय. आजच.”

“सगळ्यांना आजच हवी असते. मोडायला वर्षं लावतात आणि नक्कल आजच. नंबर?”

तिने लॅमिनेट केलेली प्रत सरकवली. त्याने काळा चौकोन बोटाने घासून पाहिला, मग प्रत उलटीसुलटी केली. “हे कुणी केलं?”

“सासऱ्यांनी,” ती म्हणाली.

“वॉटरप्रूफ आहे,” मी म्हटलं.

तिने माझ्या पायावर पाय दिला. जुनी सवय, जुनाच पाय.

“निकालाची तारीखही झाकली गेलीय,” क्लार्क म्हणाला. “स्टिकर वर चढलंय. गठ्ठे निकालाच्या तारखेने लावलेले असतात. तारीख सांगा, लगेच काढतो. नाहीतर अख्खं वर्ष उपसायला माणूस नाही माझ्याकडे.”

“नऊ ऑगस्ट,” ती ताडकन म्हणाली. वर्षही सांगितलं. वर्ष बरोबर होतं.

माझ्या खिशातलं टोक पुन्हा टोचलं.

क्लार्कने भिंतीवरून जुन्या कॅलेंडरांची चळत काढली, पानं उलटली आणि आनंदाने मान हलवली. “नऊ ऑगस्टला रविवार होता, बाई. रविवारी आम्ही कुणाची लग्नं मोडत नाही. रविवारी तुमची तुम्ही घरी मोडायची.”

“शक्यच नाही. नऊच होती. मला पक्कं आठवतंय, मी...” ती माझ्याकडे वळली. “नऊच ना रे?”

खरी तारीख मला माहीत होती. वारसुद्धा. कोर्टाबाहेर तिने केसांची पिन पाडली होती आणि ती उचलायला आम्ही दोघं एकदम वाकलो होतो, तेही. मी एक तारीख बोललो की ती मोकळी. नाही बोललो तर सोमवार जातो, महिनाअखेर जाते, हेल्मेटवाला एकटा जातो.

“आठवत नाही,” मी म्हटलं.

“मग या दप्तराच्या मते तुम्ही अजून नवरा-बायको,” क्लार्क म्हणाला आणि खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी टेकवली. “जेवून या. भांडून या. काहीतरी आठवून या.”

कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. नवरा-बायको, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. तिने चहात साखर घातली नाही, म्हणजे तिचं लक्ष नव्हतं. मी घातली आणि ढवळली. तिला कळलंही नाही, उचलून प्यायली.

“तुला आठवत नाही,” ती म्हणाली. “तुला. ज्याला माझी अक्कलदाढ कधी काढली ते आठवतं.”

“डावी की उजवी?”

“मस्करी नको. मला बाहेर उभ्या असलेल्या त्या माणसाला जाऊन सांगावं लागेल. तू मुद्दाम करतोयस का?”

मी चमचा बशीत सरळ ठेवला. मग वाकडा ठेवला.

“नऊ ऑगस्ट कोर्टाची नाही,” मी म्हटलं. “हॉस्पिटलची आहे. घटस्फोटाच्या आदल्या वर्षीची.”

कप खाली ठेवताना तिने तो आधी हवेतच ठेवला, टेबल अजून थोडं खाली होतं.

त्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्हाला कळलं होतं, बाळ होणार आहे. पहिल्या सोनोग्राफीची पट्टी घेऊन आम्ही थेट दुकानात गेलो होतो. त्यात जे होतं ते शेंगदाण्याएवढं होतं, पण बाबांना त्यात माझ्या आईचं नाक दिसलं. त्यांनी गिऱ्हाईकाचे कागद बाजूला सारले. “हे आधी,” म्हणाले. मशीन तापलेलंच होतं. पट्टी आत गेली आणि पलीकडून चकचकीत काळी होऊन बाहेर आली. सोनोग्राफीचा कागदही त्याच जातीचा, उष्णतेने छापलेला. जन्मभर हेच काम केलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं असं नाही. त्या दिवशी ते दुकानदार नव्हते, एवढंच. मी म्हटलं, फोटो रात्री काढलेला दिसतोय. ती हसली, बाबाही हसले. काय बिघडलं, पुढच्या महिन्यात दुसरी मिळणारच होती.

पुढच्या महिन्यात नऊ ऑगस्ट आला. दुसरी पट्टी मिळाली नाही.

त्यानंतर आमच्या घरात भांडण असं झालंच नाही. भांडायला दोन माणसं खोलीत लागतात. ती कवळ्यांत गेली, मी विनोदांत गेलो. शेवटी कोर्टाने आम्ही कुठे आहोत ते लिहून दिलं.

“मी ती तारीख बोलले?” तिने विचारलं. “त्या खिडकीत?”

“हो.”

“मला वाटलं घटस्फोटाचीच.” ती जरा वेळ नखातलं मेण काढत बसली. “खरंच मला तीच वाटली रे.”

मी पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. “बाबांनी दिलंय. हवंय का विचारलंय.”

तिने ते बाहेर काढलं. तळहातात मावेल एवढा काळा, गुळगुळीत तुकडा. त्यात आधी छतावरची ट्यूबलाइट दिसली, मग तिचा चेहरा. तिने तो खिडकीकडे, उजेडात धरला. तिरका केला. मीही वाकून बघायला लागलो, जणू आज काहीतरी दिसणार होतं.

“काही नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“मला वाटलं होतं, टाकून दिलं असेल.”

“आमच्या घरात? मिक्सरचं कार्ड आहे अजून.”

ती हसली आणि ते हसू मधेच कुठेतरी अडकलं. मी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. डबा रिकामा होता. असं माझ्याच बाबतीत होतं. शेवटी तिने माझ्या शर्टाची बाही धरली आणि तीच वापरली. शेजारच्या टेबलावरचे एक वकील आमच्याकडे पाहून दुसऱ्याला म्हणाले, “बघा, मिटलं वाटतं यांचं.”

“याची नक्कल मिळत नाही ना कुठे?” तिने विचारलं.

“नाही. एकच आहे.”

“मग मी नेऊ?”

मला नाही म्हणायचं होतं. खणात ते होतं तोपर्यंत दुकान उघडताना रोज मला काहीतरी होतं, म्हणजे काहीतरी माझ्याकडे होतं. शिवाय तारीख अजून माझ्याकडेच होती, तीही मी दिली नव्हती. सगळंच एका दुपारी मागितलं जात होतं. पण तिने विचारताना तो तुकडा आधीच दोन्ही हातांत झाकला होता, चिमणी धरतात तसा.

“ने,” मी म्हटलं. “टोकं टोचतील. बाबांनी गोल केली नाहीत.”

“कात्री उचलून तशीच खाली ठेवली होती त्यांनी. मी बघितलं होतं.” तिने तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली. “बाबांना सांग, माझा राग नाहीये. त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता. सांगशील?”

“सांगतो.”

“विनोद न करता.”

“प्रयत्न करतो.”

पाटी खिडकीवरून हलली. आम्ही पुन्हा वाकलो.

“काही आठवलं?” क्लार्कने दात कोरत विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला कळलं होतं की मला माहीत आहे, आणि तिने मागितलं नाही. मागितलं असतं तर कदाचित मी आणखी थोडा वेळ काढला असता.

“बावीस सप्टेंबर,” मी म्हटलं. “मंगळवार.”

क्लार्क आत गेला. गठ्ठा निघाला, दोरी सुटली, धूळ उडाली, तो दोनदा शिंकला. आमचं लग्न त्याच्या हाताला लगेच लागलं. फार जाड नव्हतं. अर्जात कारणाची जागा होती, तिथे तिने ‘पुनर्विवाह’ लिहिलं. पेन चालत नव्हतं, मी माझं दिलं.

दुपार कलताना नक्कल मिळाली. शिक्का ओला, हाताला लागणारा. वर नवं कोरं स्टिकर, या वेळी तारीख सोडून. तिने ती घेण्याआधी माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी स्टिकरच्या कडेवर नख ओढलं. बारीक काळी रेघ उठली. नख ओढलं आणि काळं झालं, की समजायचं हा कागद मशीनमध्ये घालायचा नाही. हे बाबा नऊ ऑगस्टनंतर प्रत्येक कागदाला करतात, कोऱ्यालासुद्धा. आमच्या निकालाचंही पानन्‌पान त्यांनी असंच तपासलं होतं. फक्त स्टिकर तपासायचं राहिलं.

“उन्हात ठेवू नकोस,” मी तिला म्हटलं. “स्कूटरच्या डिकीत तर नकोच, तापते. सोमवारपर्यंत कपाटात.”

“बरं.”

“आणि साखर घालत जा.”

“काय?”

“काही नाही.”

बाहेर हेल्मेटवाल्याने तिला पाहून हेल्मेट खाली ठेवलं. पहिल्यांदाच. जमिनीवर, धुळीत, आणि दोन्ही हात रिकामे करून तिच्याकडे आला. तिने त्याला नक्कल दाखवली, पर्स मात्र पोटाशी धरून ठेवली. स्कूटरवर बसतानाही तशीच धरली होती. वळणापर्यंत मला दिसत होती. वळणानंतर मी कल्पना केली, त्यात मी तरबेज आहे.

दुकानात बाबा स्टुलावर बसले होते. मशीन बंद. गिऱ्हाईक नव्हतं.

“मिळाली?”

“मिळाली.”

“आणि ते?”

“ती घेऊन गेली.”

त्यांनी मान हलवली. उघड्या खणाकडे पाहिलं, तो बंद केला, पुन्हा उघडला.

“काही म्हणाल्या?”

“म्हणाली, राग नाही. म्हणाली, त्या दिवशी सगळ्यात जास्त आनंद तुम्हाला झाला होता.”

इथे एक विनोद तयार होता. चांगला होता. मी तो केला नाही.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, बराच वेळ पुसला, एवढा काही तो मळला नव्हता. मग उठून त्यांनी मशीनचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

“कुणी आलंय का?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “तापू दे. येईल कुणीतरी.”

आम्ही दोघं दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसलो.