टपालवाल्याचं पाऊल

चाळीस वर्षं मी लेथवर लोखंड कापलं. त्यामुळे छापायच्या यंत्रातून माणसाचं पाऊल निघतं, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सूनबाई मात्र घराच्या पुढच्या खोलीत तेच करायची. नायलॉनच्या दाण्यांत एक काळी पावडर मिसळायची, केसाहून हजारो पटींनी बारीक अशा कार्बनच्या नळ्यांची. त्या मिश्रणाची तार ओढायची. मग यंत्र ती तार वितळवून थरावर थर चढवत वस्तू उभी करायचं. हे तिनं मला कितीदा तरी समजावलं. मी मान डोलवायचो, एवढंच.

या वेळी काम होतं टपालवाल्याच्या कृत्रिम पावलाचं. अपघातात त्याचा पाय गेला होता. शनिवारी टपाल कचेरीच्या साहेबांसमोर जिने चढून दाखवले तर त्याला टपाल वाटायला फिरता येणार होतं, नाहीतर कायमचं खिडकीमागे बसणं. "काका, बसून बसून गंज चढेल हो मला," असं तो म्हणून गेला होता.

सोमवारी सूनबाई बाहेर गेली आणि तार ओढायला मी बसलो. शंभर भागांत दोन भाग पावडर, असं तिनं लिहून ठेवलं होतं. दोन? एवढी मजबूत चीज, तिथे हात कशाला आखडायचा! मी चांगले सहा भाग घातले. टपालवाल्याचं भलं करतोय या तोऱ्यात.

पाऊल दिसायला झकास झालं. पण तपासणीच्या यंत्रावर ते लाख वेळा वाकायला हवं होतं, आणि बुधवारी सकाळी नऊ हजारांतच कडकन मोडलं.

सूनबाईनं मोडलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "बाबा, हे बघा, गुठळ्या. पावडर जास्त झाली की नळ्या एकमेकींनाच बिलगतात, नायलॉनला धरत नाहीत. तडा तिथूनच जातो. पण दोन भागांत असं कसं झालं? माझंच प्रमाण चुकलं असणार."

ती वही उघडून सगळं नव्यानं मांडायला बसली. त्यात आठवडा गेला असता आणि शनिवार हातचा गेला असता. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. कारखान्यात मी हत्याराला दोष दिला, हवेला दिला, पण माझं चुकलं असं कधी म्हणालो नव्हतो.

"मी सहा घातले," मी म्हणालो.

तिनं वही मिटली. "मग प्रमाण बरोबरच आहे की! मास्क लावा आणि माझ्यासमोर तोला."

मी मोजून दोनच भाग तोलले.

शुक्रवारी संध्याकाळी आकडा लाखाच्या पुढे गेला, पाऊल जसंच्या तसं. मी एकटाच टाळ्या वाजवत सुटलो.

शनिवारी सकाळी ते पाऊल लावून गेलेला टपालवाला दुपारी आमचे तीन मजले चढून थेट आत आला. "सोमवारपासून फिरतीवर!" म्हणत त्यानं माझे दोन्ही हात धरले. "काका, मुरलेला कारागीर तो वेगळाच. हे तुमचंच काम!"

सूनबाई नुसती हसली, खोडून काढलं नाही. तिच्याकडे बघून माझी छाती अशी भरून आली की काय सांगू. लेथचासुद्धा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

"अरे, उस्ताद ती आहे," मी म्हणालो. "मी केलेलं पाऊल नऊ हजारांत मोडलं."