चोरासाठी मांडलेलं मशीन

पैज लावून सांगतो, यातलं एक अक्षर कुणी खरं मानणार नाही. माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंनी तर ऐकायच्या आधीच स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. जुनं सगळं मोडीत काढायचा वरून हुकूम होता, आणि ऑफिसच्या सर्व्हर रूममधल्या रॅकच्या तळाचं ते मशीन त्यात पहिलं.

"थांब गं पोरी," मी म्हणालो. "ते उचललंस तर एक जीव पोरका होईल."

"पाच मिनिटं देते, काका. मग नेणार."

पाच मिनिटं म्हणजे मला जहागीर मिळाली.

"हे आमिषाचं मशीन. आत साधं लिनक्स, नाव मात्र भारदस्त, आणि पासवर्ड शेंबड्या पोरानं ओळखावा असा. नेटवरून घुसणारा चोर इथे रमला की खऱ्या मशीनकडे फिरकत नाही, आणि तो काय काय चाळतो ते आपल्याला दिसतं. पण रिकाम्या घरात चोर तरी किती वेळ थांबेल? म्हणून मी आत अख्खं खोटं ऑफिस थाटलं. खोटा साहेब, खोटा कारकून, कारकुनाची सासू. सासूच्या गुडघ्यासाठी रजेचे अर्जसुद्धा."

"सासूच्या गुडघ्यासाठी रजा? मिळाली?"

"मिळणार नाही तर! साहेब मीच होतो ना."

ती हसली. मला हुरूप आला.

"आणि चोर आला, दिवसाढवळ्या. सगळं वाचलं आणि जाताना एक फाइल ठेवून गेला, 'सासूबाईंचा गुडघा कसा आहे?' मी लिहिलं, उतार आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! राहून गेलेले अपडेट त्यानंच चढवले, वर कच्च्या पासवर्डवरून माझी खरडपट्टी काढली. पुढे तर डब्याच्या वेळेलाच यायचा. या खोलीत मला कोण विचारायचं, सांग? मशीन बंद पडलं की फोनवर फोन, चालू असलं की महिनोन् महिने चिडीचूप. पंख्यांची घरघर आणि मी. तो मात्र रोज विचारायचा, जेवलास का? एकदा डबा विसरलो, तर म्हणाला, जा, खाऊन ये, तोवर मी बघतो मशीनकडे."

"चोर?"

"चोरच. मी निवृत्त झालो तेव्हा म्हणाला, येत जा. म्हणून तर काही ना काही निमित्त काढून येतो. उद्या तो यायचा आणि दारच जागेवर नाही. त्यानं काय समजायचं?"

ती पुढे सरकली. मोबाइलचा उजेड पाडून मशीनच्या मागे वाकली. बराच वेळ तशीच होती. मग तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काका," ती हळूच म्हणाली, "याच्या नेटवर्कच्या सॉकेटला कंपनीनं लावलेलं रबरी बूच अजून तसंच आहे. नेटची वायर कधी लागलीच नाही याला. इथे तुमच्याशिवाय कुणी आलंच नाही."