रेश्माला कोण हाकलतो?

देवरशानं लिंबाच्या ओल्या फोकाचा तिसरा फटका वैजयंतीच्या पाठीवर ओढला आणि वरडला, "बोल, कोण हायेस तू?"

मार चुकवायला बिचारी बोलून गेली, "रेश्मा."

मागं बसलेली सोजरबाई ताडकन उठली. रेश्मा तिची लेक. गेल्या सुगीत मळणी मशीनच्या पट्ट्यात ओढणी गुतली आणि पोर खळ्यातच गेली. शेवटपतोर तिचा हात धरून वढत होती ती हीच वैजयंती, तिची भावजय. तवापासनं पिठाच्या गिरणीचा घरघराट आला तरी वैजयंती कडब्याच्या गंजीआड जाऊन थरथरायची. गाव म्हणालं, नणंद झोंबली. आणि सोजरबाईचा ल्योक युवराज, मोडनिंबात दुकान टाकून बसलेला शाणा, त्यानंच बायकोला हितं आणली!

"नीघ भाईर, सटवे!" देवरशानं पुन्हा फोक उचलला.

सोजरबाईनं तो हिसकला आणि कडाकडा मोडून टाकला. "सटवी कुणाला म्हंतोस रं, मुडद्या? लेक हाय ती माजी! जित्तेपणी बोट लावलं न्हाय म्या तिला. मेल्यावर तू मारतोस व्हय? आणि वळ उठल्यात कुणाच्या पाठीवर? माज्या सुनंच्या!"

"आये, गप बस. देवाचं काम हाय," युवराज म्हणाला.

"देवाला मदी घालू नगंस. इतकं म्हैनं एकानं तरी इचारलं का तिला, बाई, तू काय बगितलंस? जो तो म्हंतोय, इसर. कशी इसरंल?"

वैजयंतीनं सासूचे पाय धरले. "आत्या, म्या सोडला न्हाय हो हात. सुटला."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीनं सोलापुरात, गावच्या आशाताईनं सांगितलेल्या डॉक्टरीणबाईकडं. बाईनं तासभर नुसतं ऐकलं. मग म्हणाली, "आजी, भूतबीत काही नाही. डोळ्यांसमोर घडलं त्याची मनाला जखम झालीय. भरेल, पण वेळ लागेल. दर मंगळवारी आणाल?"

"आणंन की."

"आणि तुम्ही? झोप लागते?"

"मला काय धाड भरलीया?" सोजरबाई फणकारली. रेश्मा गेल्यापासनं ती खळ्याला वळसा घालून जात होती, ते मात्र तिनं सांगितलं न्हाय.

माघात सुगी आली. शेजारच्या रानात मशीन सुरू झालं. वैजयंती घामानं भिजली, पर पळाली न्हाय. डॉक्टरणीनं शिकवल्यागत पाय मातीत रोवून, मुठीत काळं ढेकूळ घट्ट धरून, एकेक श्वास मोजत बसली. पळाली ती सोजरबाई. खुरपं टाकून, कानांवर हात दाबून, थेट घरात. सुनंनं जाऊन तिला जवळ घेतलं, तवा म्हातारी वर्षाचं रडली.

मंगळवारी स्टँडवर गोजाबाईनं खवचटपणानं इचारलंच, "निघालीस व्हय सुनंला घिऊन, येड्याच्या डॉक्टरकडं?"

"तिचा नंबर दुसरा हाय, भवाने," सोजरबाई एसटीची पायरी चढत म्हणाली. "पयला माजा."